पनवेल स्लो: एका प्रस्तावाचा दिवस

पहाटे ४.३०

रेल्वे सिम्युलेटरचे खेळ बनवणाऱ्या एका कंपनीने नव्या मार्गांसाठी प्रस्ताव मागवले आहेत आणि आज रात्री बाराला मुदत संपते. प्रस्ताव म्हणजे फार तर चार-पाच पानं. मार्ग कोणता, लांबी किती, स्टेशनं किती, कोणत्या सालातला, गाड्या कुठल्या, आणि मुंबई कधी न पाहिलेल्या माणसाने घरी बसून, पैसे मोजून हा मार्ग का चालवावा. माझा पोटापाण्याचा धंदा अशा खेळांसाठी इमारती, खांब, पूल उभारून देण्याचा. कधी पाय न लावलेल्या जर्मन आणि इंग्लिश गावांची स्टेशनं मी फोटोंवरून बांधली आहेत, त्यांच्या कौलांवरच्या शेवाळासकट. आज लिहायचंय ते मात्र घराजवळचं: छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस ते पनवेल, हार्बर मार्ग, ४९ किलोमीटर, २५ स्टेशनं.

लिहायचं रात्रीच. दिवस मार्गावर काढायचा, कारण ज्या गोष्टी नकाशात सापडत नाहीत त्यांच्यावरच प्रस्ताव उभा राहतो किंवा आडवा होतो. आईने डब्यात पोळी-भाजी दिली आणि विचारलं, "एवढ्या पहाटे, खेळासाठी?" उत्तर द्यायला वेळ नव्हता.

पहाटे ५.१०

पनवेलहून निघालेल्या लोकलच्या सामानाच्या डब्यात कोळणी आपल्या रिकाम्या पाट्या घेऊन बसल्या आहेत. डॉकयार्ड रोडला उतरतील, तिथून भाऊचा धक्का जवळ. बायकांच्या डब्यात अर्ध्याअधिक जणी झोपलेल्या. खारघर मागे पडेपर्यंत बाहेर अंधारच, म्हणून हा वेळ वाद घालण्यात घालवते, मनातल्या मनात, मित्रमंडळींशी.

त्यांचं म्हणणं एकच: हार्बर कशाला? घाट घे. बोरघाट घे, कसाऱ्याचा थळघाट घे, कोकण रेल्वे घे. बोगदे, धबधबे, दोन-दोन बँकर इंजिनं. लोकलच हवी तर मेन लाइन घे, निदान पारसिकचा बोगदा तरी मिळेल. हे सगळं खरं आहे आणि म्हणूनच नको. घाटात निसर्ग काम करतो, खेळणाऱ्याला फारसं काही करावं लागत नाही. लोकलची गंमत वेळापत्रकात आहे. थांबा, सुटा, पुन्हा थांबा, आणि सेकंद हातातून निसटू देऊ नका. जपानमध्ये ताइतो कंपनीने १९९६ साली 'डेन्शा दे गो' नावाचं आर्केड यंत्र काढलं. त्यात यामानोते लाइनची गाडी फलाटावरच्या खुणेला नेमकी आणि वेळेत थांबवायची, एवढाच खेळ. लोक रांगा लावून तो खेळले. २००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या ट्रेन सिम्युलेटरमध्येही फ्लाइंग स्कॉट्समन आणि अमेरिकन मालगाड्यांच्या जोडीला टोकियोची ओदाक्यू लाइन होती, नोकरदारांची. उपनगरी गाडीचा खेळ होत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे तरी लक्षात घ्यावं.

मेन लाइन टाळण्याचं कारण धंद्यातलं आहे. कल्याणपर्यंत चार, कुठे सहा रूळ. लोकलच्या शेजारून मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या. त्या सगळ्यांचं वेळापत्रक आणि सगळे रेक हवेत, नाहीतर मार्ग ओसाड दिसतो. शिवाय पारसिक बोगदा जिच्यासाठी हवा ती फास्ट लोकल २०२२ पासून बोगद्यातून जातच नाही. पाचवी-सहावी मार्गिका झाली आणि बोगदा मेल-एक्स्प्रेसकडे गेला. हार्बरला बहुतेक ठिकाणी दोनच रूळ. सगळ्या गाड्या स्लो. मेल नाही, मालगाडीचा त्रास नाही. लहान चमूला झेपेल असा मुंबईतला हा एकच पुरा मार्ग आहे, आणि पुरा मार्ग देणं मला महत्त्वाचं वाटतं. अर्ध्यात तोडलेले मार्ग खेळणाऱ्यांना आवडत नाहीत.

सकाळी ६.३०

सीएसएमटी. हार्बरच्या गाड्या प्लॅटफॉर्म एक आणि दोनला लागतात.

प्रस्ताव वाचणारा पहिला प्रश्न विचारणार तो या इमारतीबद्दल. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची, १८८८ ची, २००४ पासून जागतिक वारसा यादीतली इमारत. तिचं पूर्ण मॉडेल करायचं म्हटलं तर प्रत्येक कमान, प्रत्येक दगडी मोर आणि माकड धरून महिनोन्‌महिने जातील आणि निम्मं बजेट तिथेच संपेल. पण मोटरमनच्या जागेवरून यातलं काय दिसतं? मी प्लॅटफॉर्मच्या टोकाला, बफरच्या अलीकडे उभी राहून बघते. छप्पर, खांब, इंडिकेटर, चहाचा स्टॉल आणि समोर धावत येणारी माणसं. घुमट आणि दर्शनी भाग रस्त्याकडे तोंड करून उभे आहेत, गाडीकडे नाही. प्रस्तावात लिहायचं ठरलं: दर्शनी बाजू साधी, दुरून ओळखू येण्याइतकी; खर्च शेडवर आणि बफरवर. मला वाटतं हा मुद्दा वाचून निवड करणारा माणूस हसेल, पण त्याला कळेल की समोरच्या बाईने गाडी चालवायच्या बाजूने विचार केलाय.

मोठा कॅमेरा आणलेलाच नाही. स्टेशनात व्यावसायिक चित्रीकरण करायचं तर रेल्वेची रीतसर परवानगी आणि फी लागते, आणि ते पुढच्या पायरीवर. आज वही, पेन्सिल आणि कान.

कानाला इथे बरंच मिळतं. दिव्यांगांच्या डब्याची जागा अंध प्रवाशांना कळावी म्हणून फलाटावर बीप-बीप वाजणारं छोटं यंत्र असतं. रोज ऐकूनही ते किती जणांच्या लक्षात येतं कोण जाणे. घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजी अशा ओळीने. खेळात ही क्रमवारी बदलली तर मुंबईकर पहिल्या मिनिटाला पकडेल.

सकाळी ७.१५ ते ८.४५

उलट दिशेने, उतरत-चढत. मस्जिद सोडलं की हार्बर वर चढू लागते. कारण साधं आहे: टर्मिनसमध्ये हार्बरचे फलाट पश्चिमेच्या टोकाला आणि गोदी पूर्वेला, तेव्हा मेन लाइनवरून पलीकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही. सँडहर्स्ट रोडला म्हणून स्टेशनावर स्टेशन आहे, खाली मेन लाइन आणि वर हार्बर. दोन्ही बाजूंच्या चाळींच्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यांच्या खिडक्या गाडीच्या खिडक्यांना भिडतात. वाळत घातलेले कपडे, कुंडीतली तुळस, दात घासणारा माणूस. खेळात इमारती नेहमी रुळापासून दूर, थोड्या अस्पष्ट ठेवतात म्हणजे संगणकावर ताण येत नाही. इथे ती सोय नाही. या एका किलोमीटरसाठी जवळून पाहण्याजोग्या खिडक्या कराव्या लागतील, आणि मी त्या स्वतः करीन असं प्रस्तावात लिहिणार आहे.

रे रोड हे एके काळचं शेवटचं स्टेशन. कुर्ल्याहून इथपर्यंतची हार्बर १९१० साली सुरू झाली. पुढचा उन्नत भाग होऊन ती व्हीटीला, म्हणजे आजच्या सीएसएमटीला, पोचली ती १९२५ ला. त्याच वर्षी, ३ फेब्रुवारीला, याच मार्गावर व्हीटी ते कुर्ला भारतातली पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट डीसीवर. ठाण्याच्या १८५३ च्या गाडीचा गाजावाजा सगळ्यांना पाठ असतो. विजेच्या गाडीचा जन्म हार्बरवर झाला हे रोज हार्बरने जाणाऱ्यांनाही सांगावं लागतं.

कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा रोड भराभर. वडाळ्याच्या पुढे एक फाटा किंग्ज सर्कल, माहीमकरून गोरेगावकडे जातो. तो प्रस्तावात घ्यायचा नाही. सांधे आणि सिग्नल दिसतील, गाड्या वळताना दिसतील, आपण मात्र सरळ. मोह आवरणं हे अशा कागदांत सगळ्यात अवघड असतं. एक फाटा घेतला की त्याची दहा स्टेशनं गळ्यात पडतात.

सकाळी ९.००

कुर्ला, प्लॅटफॉर्म सात-आठ. आजच्या दिवसाचं मुख्य काम इथे.

युरोपीय किंवा जपानी सिम्युलेटरमध्ये स्टेशनात गाडी थांबवली की चालक दरवाजे उघडायचं बटण दाबतो. उतरणारे उतरतात, चढणारे चढतात, पडद्यावर वेळ मोजली जाते, दरवाजे बंद होतात, गाडी सुटते. सगळ्या खेळाचा सांगाडा त्या बटणावर उभा आहे. बिनवातानुकूलित मुंबई लोकलला हे बटणच नाही. दरवाजे कायम उघडे. गाडी फलाटात शिरत असतानाच निम्मी माणसं उतरून चालू लागलेली असतात आणि उरलेली उतरण्याआधी चढणाऱ्यांनी दांड्या धरलेल्या असतात. म्हणजे खेळाच्या मुळाशी जे तर्कशास्त्र आहे तेच इथे लागू पडत नाही. प्रस्तावात याचं उत्तर दिलं नाही तर बाकीचं सगळं व्यर्थ.

घड्याळ लावून बसते. पनवेलकडून येणाऱ्या गाड्यांचा थांबा वीस सेकंदांपासून पाऊण मिनिटापर्यंत कमी-जास्त होतो आहे. मोटरमनला सुटायची खूण गार्डच्या घंटीची. गार्डचं हुद्द्याचं नाव २०२२ पासून ट्रेन मॅनेजर झालं, पण फलाटावर अजून गार्डच. दोन घंट्या म्हणजे चला. मोटरमन त्या परत वाजवून कळल्याचं सांगतो. एक घंटी म्हणजे थांबा. मग उत्तर यातच आहे: दरवाजाच्या बटणाच्या जागी घंटी. खेळणाऱ्याने दोन घंट्यांची वाट पाहायची, उलट दोन द्यायच्या आणि हँडल टाकायचं. घंटी कधी येईल हे गर्दीवर ठरेल. खेळात एक अनिश्चितता येईल आणि ती मुंबईची असेल.

गर्दीचं काय करायचं, हा त्याहून कठीण सवाल. रेल्वेच्या भाषेत तिला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात: उभ्या माणसांची एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ इतकी दाटी. कुठलंही गेम इंजिन बारा डब्यांत इतकी सुटी माणसं दाखवू शकत नाही, संगणक बसेल. माझा उपाय असा की डब्याच्या आत माणसं गठ्ठ्याने, स्थिर चित्रासारखी, आणि दारात लटकणारी तेवढी हलती. पण दाराशी आलं की पेन्सिल अडते. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ दारातली माणसं खाली पडली आणि जीव गेले. तेव्हा दारात लटकणारी माणसं दाखवायची का? दाखवायची, कारण ती नसतील तर ते खोटं होईल. पण त्यावर गुण नाहीत, विनोद नाही, पडण्याचं दृश्य नाही आणि गर्दी जास्त म्हणून बक्षीसही नाही. ही अट मी प्रस्तावात स्वतंत्र परिच्छेदात घालणार. ती मान्य नसेल तर मार्ग त्यांनी घेऊ नये.

सकाळी १०.४०

मानखुर्द सुटलं की वाशीपर्यंत सुमारे आठ किलोमीटर एकही स्टेशन नाही. हार्बरवरची ही एकच मोकळी धाव. मोटरमन पूर्ण वेग घेतो. आधी खारफुटी, मग एकदम ठाण्याची खाडी. पुलावर चाकांचा आवाज बदलतो, डब्यात वारा घुसतो, आणि कुणीतरी हमखास उठून दारातून निर्माल्याची पिशवी खाडीत टाकतं. प्लॅस्टिकसकट. पिशवी टाकणारी बाई आज माझ्या शेजारचीच होती. मी काही बोलले नाही, पण वहीत लिहिलं: पिशवी दाखवायची, फुलं आणि प्लॅस्टिक दोन्ही. शहर सुंदर करून विकायचं नाहीये.

खाडी ओलांडणारा मार्ग १९९२ चा. पलीकडे सगळंच पालटतं. सिडकोने या स्टेशनांच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा उचलला, म्हणून ती स्टेशनं कमी आणि व्यापारी संकुलं जास्त वाटतात. वाशीच्या वर कार्यालयं, बेलापूरच्या वर कार्यालयं, खाली भव्य, बरेचदा रिकामं दालन. आमच्या धंद्याच्या दृष्टीने ही पर्वणी. काँक्रीटचे खांब, जिने, जाळ्या एकाच घराण्यातल्या, एकदा बनवल्या की सानपाडा, जुईनगर, नेरुळपासून खांदेश्वरपर्यंत फिरवून वापरता येतात. गोदीकडच्या दहा स्टेशनांना जेवढा वेळ लागेल त्याच्या निम्म्यात खाडीपलीकडची दहा होतील. वेळेचा हिशेब याच गणितावर मांडला आहे.

दुपारी १२.००

नेरुळला एका निवृत्त मोटरमनकाकांकडे. वडिलांचे स्नेही, मला लहानपणापासून ओळखतात. काकूंनी ताक पुढे केलं आणि काकांनी प्रश्न.

"तुझ्या गेममध्ये मोटरमनला मधे लघवीला जायची सोय आहे का गं? नाही ना? मग बरोबर बनवलंय."

सीएसएमटी-पनवेल स्लो साधारण ८० मिनिटांत जाते. म्हणजे थांबे धरून सरासरी ताशी ३७ किलोमीटर. मी म्हटलं, काका, परदेशातला मुलगा म्हणेल सायकल काय वाईट.

"त्याला सांग, चोवीस वेळा बारा डबे एका पाटीवर उभे करून दाखव. वेग कुणीही घेतो."

मग ते खुर्ची पुढे ओढून बसले आणि त्यांचा डावा हात आपोआप हँडलवर गेला, जे तिथे नव्हतं. हँडल सोडलं तर ब्रेक लागतो, म्हणून हात कायम दाबलेला. त्याला डेड मॅन म्हणतात. स्टेशन सोडलं की नॉच घ्यायची, वेग आला की बंद करून गाडी नुसती वाहू द्यायची. ब्रेक पुढच्या स्टेशनाच्या फलाटाचं तोंड दिसायच्या आत. "एकदा लावायचा आणि मग सोडत सोडत आणायची. शेवटच्या क्षणी दाबलास तर आत उभी असलेली माणसं एकमेकांच्या अंगावर. ती तुला शिव्या देतात आणि तुला ऐकूही येत नाही." मी मुलगी आहे हे ते हँडलवर बसले की विसरतात. मुंबईत बायका लोकल चालवतात हे त्यांनीच पुढे सांगितलं. सुरेखा यादव यांनी २००० साली मध्य रेल्वेवर लेडीज स्पेशल चालवली तेव्हा लॉबीत पेढे वाटले होते म्हणे. प्रस्तावात चालकाची आकृती पुरुषाची गृहीत धरायची नाही, हे वहीत गेलं.

खरा लाभ झाला तो लाल सिग्नलचा. जवळजवळ प्रत्येक सिम्युलेटरमध्ये लाल ओलांडला की खेळ संपतो. हार्बरवर स्वयंचलित सिग्नल आहेत: हिरवा, दोन पिवळे, एक पिवळा, लाल. ज्या खांबावर 'ए' ची खूण असते तो लाल असेल तर गाडी थांबवायची, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं वाट पाहायची, आणि तरीही लालच राहिला तर पुढचा रूळ डोळ्यांनी बघत अगदी सावकाश निघायचं. ज्यावर ती खूण नाही तो लाल मात्र लालच. काकांच्या मते पावसाळ्यातली निम्मी नोकरी या एका मिनिटाची असते. पुढे गाड्यांची रांग, चुनाभट्टी-कुर्ल्याला रुळांवर पाणी, आणि मागून प्रवाशांचे प्रश्न.

निघताना मी विचारलं, जुन्या डीसी गाडीचा आवाज आठवतो? त्यांनी तोंडाने काढून दाखवला. आधी डब्याखालचा कॉम्प्रेसर, धडधड. मग नॉच घेताना बसणारा एकेक हिसका. काकू स्वयंपाकघरातून हसल्या. मी फोनवर ध्वनिमुद्रण केलं आहे, पण एका काकांच्या घशातून आलेला आवाज खेळात वापरता येणार नाही.

दुपारी २.१५

घरी. जेवण उभ्या-उभ्या, कारण संगणक सुरू केला होता.

जमिनीची उंची मोफत मिळते. नासाने फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून केलेली मोजणी. ३० मीटरच्या चौकटींनी. डोंगराळ मुलखात ती छान चालते. मुंबईत तिने इमारतींची छपरंही जमीन म्हणून मोजली आहेत, त्यामुळे डॉकयार्ड रोडजवळ रूळ टेकड्या चढू-उतरू लागतात. उपाय जुनाच: रुळाकडेला रेल्वेने लावलेले चढ-उताराचे दगड आणि ओव्हरहेड वायरच्या खांबांवरचे आकडे. प्रत्येक खांबावर किलोमीटर आणि त्या किलोमीटरातला खांबाचा क्रमांक असतो. ते वाचत गेलं की आपण मार्गावर कुठे आहोत हे कळतं. सकाळच्या वहीतले असे आकडे नकाशावर टाकते. खाडीवरचे खांब लिहायचे राहिलेत कारण निर्माल्याच्या पिशवीकडे बघत होते. ते पुन्हा कधीतरी.

रुळांची रुंदी हा दुसरा सापळा. आपला रूळ १६७६ मिलिमीटरचा. बहुतेक खेळांचे तयार रूळ १४३५ चे. तयार रुळांवर आपली ३.६६ मीटर रुंदीची लोकल ठेवली की ती डोक्यावर भारा घेतलेल्या बाईसारखी डुलताना दिसते. तेव्हा रूळ, सांधे, क्रॉसिंग सगळे नवे बनवावे लागतील. हा खर्च लपवायचा नाही, पहिल्याच पानावर. पुढे कुणालाही भारतातला कुठलाही ब्रॉडगेज मार्ग बनवायचा झाला तर तेच रूळ उपयोगी पडतील, हेही तिथेच.

दुपारी ४.३०

साल ठरवणं टाळत आले होते, आता टाळून चालणार नाही. 'आजची मुंबई' असं लिहून भागत नाही, कारण आज म्हणजे कधी? २०१८ आधीचं असेल तर नेरुळ-बेलापूरहून उरणकडे जाणारा फाटा नको. ऑक्टोबर २०२५ नंतरचं असेल तर नव्या विमानतळाचं उद्घाटन झालेलं, मग पनवेलच्या बाजूच्या आकाशात विमानं हवीत. २०१६ च्या एप्रिलआधी तर वायरमध्ये वीजच वेगळी, डीसी, आणि गाड्या नऊ डब्यांच्या; त्या महिन्यात हार्बर २५,००० व्होल्ट एसीवर गेली आणि बारा डबे येऊ लागले. मुंबईतल्या डीसीची सुरुवात १९२५ ला याच मार्गावर आणि शेवटही याच मार्गावर, एक्क्याण्णव वर्षांनी.

मन २०१६ कडे ओढतं. तो शेवटचा डीसी रेक, कुर्ल्याहून सीएसएमटीकडे, मध्यरात्री. पण आवाज नाहीत, कॅबच्या आतले चांगले फोटो नाहीत, वेळापत्रकाची प्रत नाही. ज्याचा पुरावा हाती नाही ते विकायला काढणं मला पटत नाही. शेवटी ठरलं: २०२५ चा जुलै, आठवड्याच्या मधला एक साधा मंगळवार, दिवसभर पाऊस. गाड्या सीमेन्स आणि बॉम्बार्डियरच्या, एसी विजेवरच्या, बारा डबे. त्यांच्या मोटारींची शिट्टीसारखी वर चढत जाणारी धून रोज ऐकायला मिळते, ती नीट मुद्रित करता येईल. विमानतळ अजून व्हायचा आहे, म्हणून आकाश मोकळं. डीसीची रात्र ही पुढची पुरवणी, साहित्य मिळालं तर.

संध्याकाळी ६.३० ते १०.००

लिहिणं. यात सांगण्यासारखं फार नाही. माणूस खुर्चीत बसतो आणि पाठ धरते.

एवढं मात्र सांगते की खेळातले प्रसंग लिहिताना मजा आली. पहाटेची पहिली गाडी, अर्धी झोपलेली. सकाळची नऊची, कुर्ल्याच्या घंटीची. रविवारचा मेगाब्लॉक, ज्यात गाडी मधल्याच स्टेशनावर संपते आणि खेळणाऱ्याला पुढे जाताच येत नाही. हा प्रसंग कंपनीला विनोद वाटेल, पण मुंबईकर सगळ्यात आधी तोच उघडेल. आणि चुनाभट्टीचा पाऊस, एका मिनिटाच्या लाल सिग्नलचा.

परवान्यांचा परिच्छेद रुक्ष पण टाळता न येणारा: रेल्वेचं नाव, चिन्ह आणि गाड्यांची रंगसंगती वापरायला परवानगी घ्यावी लागेल. जपानमध्ये जेआर ईस्ट कंपनीने २०२२ साली आपल्या मार्गांचा सिम्युलेटर स्वतःहून बाजारात आणला, खऱ्या मार्गाच्या चित्रीकरणावर बेतलेला. रेल्वेला यात वावगं काही नाही, उलट जाहिरात आहे, हे दाखवायला तो दाखला पुरेसा.

आईने जेवताना छापील कागद वाचून काढला. तिने वीस वर्षं याच मार्गाने नोकरी केली. "भजनवाले कुठायत?" एवढाच तिचा आक्षेप. टाळ आणि डब्याच्या पत्र्यावर हाताने धरलेला ठेका. आवाजांच्या यादीत घातले.

रात्री ११.१०

पाठवला. पानं पाच, नकाशा एक, काम अठरा महिन्यांचं दाखवलं आहे. त्यांचं उत्तर काहीही येवो, मार्ग मी बनवणार. ते नाही म्हणाले तर ओपन रेल्ससारख्या मोफत सिम्युलेटरसाठी. तिथे भारतीय हौशी मंडळींनी आधीच अनेक इंजिनं आणि मार्ग विनामोबदला करून ठेवले आहेत.

वाचणाऱ्यांपैकी कुणी हार्बरवर नोकरी केली असेल, किंवा घरात कुणी केली असेल, तर एक विनंती. एप्रिल २०१६ पूर्वीच्या गाडीत मोबाइलवर काढलेला, हलणारा, धूसर का असेना, एखादा व्हिडिओ फोनच्या जुन्या कार्डात पडला असेल. कपाटाच्या तळाशी नऊ डब्यांच्या काळातलं उपनगरी वेळापत्रक असेल. ते पुसू नका, रद्दीत घालू नका. डीसी गाडीचा आवाज आता फक्त तुमच्याकडेच आहे.